पारीवरून नवेगाव

(दृश्य : पहाट. तलावावर धुकं. मासेमार ढिवरांचे डोंगे.)

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. समोर दिसतोय तो नवेगाव बांधचा तलाव, सुमारे ११ चौरस किलोमीटरचा. पलीकडे डोंगरांची रांग आहे. गावकरी तिला सात बहिणी म्हणतात.

इथे येणारे बहुतेक पर्यटक जिप्सीत बसतात, वाघ दिसतो का बघतात आणि संध्याकाळी परततात. आम्ही गाडी गावातच ठेवली. हा मुलूख पायी बघायचा आहे, आणि त्याची सुरुवात पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून करायची.

(दृश्य : पारीवरून चालणारे पाय. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं.)

उजवीकडे पाणी, डावीकडे खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. मधली ही मातीची पार माणसांनी घातली आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं इथे सांगतात. त्याच कोलू पाटलांना लोक आज कोलासूर देव म्हणून पुजतात. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव झाला, यावरून या भागात पाण्याची किंमत कळते.

कोहळी समाजाचं हे जुनं कसब. गोंड राजांच्या काळात त्यांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागात गावोगाव तलाव बांधले. आधी पाणी कुठून वाहत येतं ते बघायचं. दोन टेकड्यांमधली नेमकी खिंड हेरायची आणि तिथेच पार घालायची, म्हणजे कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडतं. वरच्या तलावाचं जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जायचं.

(दृश्य : एका जुन्या तलावाचं तुडूम, जवळून.)

हे तुडूम. पारीतून पाणी सोडायची जुनी सोय. एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला बुच. पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. वरचं पाणी आधी जातं, जोर आवरता येतो, पार फुटत नाही. नकाशा नव्हता, यंत्र नव्हतं. हे नुसतं बघण्यासाठीसुद्धा इथपर्यंत चालत यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले. पुढे अनेक तलावांची देखभाल सुटली, गाळ भरला, काठाला बेशरमीची झुडपं माजली.

(दृश्य : उथळ पाणी. वारकरी पक्ष्यांचा थवा. कमळपक्षी पानांवरून चालताना.)

हे काळे, पांढऱ्या चोचीचे वारकरी. तो पानावरून चालणारा कमळपक्षी. हिवाळ्यात तलवार बदकं येतात, मोठी लालसरी येते. काठाला देवधान, म्हणजे रानभात, उगवतं, पाण्याखाली वनस्पती असतात, म्हणून मासे आहेत आणि म्हणून पाखरं आहेत. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, ते ढिवराला विचारावं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे होते. नवेगावच्या माधवराव पाटलांकडून त्यांना या पाण्याची आणि पाखरांची ओळख झाली. असे जाणकार आजही काठावर आहेत. पर्यटकाला त्यांच्याशी गाठ घालून देणारं कोणी नाही.

(दृश्य : जंगलातली पायवाट. साजा, धावडा, मोह. टोपली घेतलेल्या बाया.)

पार संपली की ही वाट जंगलाकडे वळते. मोहफुलं वेचणाऱ्यांनी, तेंदूपत्ता तोडणाऱ्यांनी आणि गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून ती पाडली आहे. कोणत्या वळणावर पाणी आहे आणि कुठे अस्वल असू शकतं, हे बायांना तोंडपाठ.

पुढे मात्र थांबावं लागतं. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. गाभाक्षेत्रात पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कालीमाटी, कवलेवाडा, झनकारगोंदी ही आतली गावं बाहेर वसवली गेली.

(दृश्य : टेकडीवरून दिसणारा संपूर्ण तलाव.)

पण गाभ्याबाहेर चालायला भरपूर जागा आहे. पारीवरून, गावतलावांच्या काठाने, बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे कडेच्या बांधांवरून. या वाटा आखाव्यात, ढिवरांच्या आणि कोहळ्यांच्या पोरांना वाटाडे म्हणून नेमावं, आणि चालण्याचे पैसे थेट त्यांच्या हातात पडावेत, एवढं आमचं मागणं आहे. त्यासाठी नवं काही बांधायची गरज नाही.

यायचं असेल तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनीला उतरा, किंवा नागपूर-रायपूर महामार्गावरून कोहमाऱ्याला वळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाखरांसाठी चांगले. पहाटे निघा, दुर्बीण घ्या, गावातलं माणूस सोबत घ्या आणि जंगलाच्या कडेने एकटे जाऊ नका. गुरुवारी सफारी बंद असते. तो दिवस पारीसाठी ठेवा.