कबरीच्या तोंडाशी उपकारस्तुती

(दृश्य : नागपूरच्या सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल. रविवारची सकाळ.)

२९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या इथे एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला या वास्तूचा अभिमान आहे. पण २०२१ च्या उन्हाळ्यातल्या कोरोनाच्या लाटेनंतर शहरातल्या कितीतरी मंडळ्यांत बाकांवरच्या ठरलेल्या जागा रिकाम्या राहिल्या. आपण बोलणार आहोत त्या घरांशी.

त्या एप्रिलमध्ये निरोपही धड देता आला नाही. गुंडाळलेला देह, लांब उभे चार नातेवाईक, पाळकांची घाईतली प्रार्थना. सांत्वनाची सभा मोबाईलवर. दुःख करायलाही जवळ माणसं लागतात. तीच नव्हती.

अशा घरात ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवायची घाई होते. मला ती पटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पाहा. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मार्था येशूला गाठते आणि तोंडावर म्हणते, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला गप्प करत नाही. तिची बहीण मरीया रडते, मग तोही रडतो. लाजराला उठवणार हे ठाऊक असून रडतो! पुढे धोंड सरकते. लाजर अजून आतच आहे, आणि येशू वर पाहून पित्याचे उपकार मानतो.

तक्रार झाली, रडणं झालं, उत्तर अजून दिसलेलं नाही. उपकारस्तुती तिथे उभी आहे, कबरीच्या तोंडाशी.

(दृश्य : हिस्लॉप कॉलेजचं प्रवेशद्वार.)

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवली, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुरात बुडाले. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. म्हणून त्यांचं बुडणं चांगलं ठरत नाही. हे दोन हिशेब एकमेकांत वळते करू नयेत. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरही खिळ्यांचे वण तसेच होते. शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याने तेच दाखवले. आमची आशा त्या हातांवर आहे.

यंदा उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या. आवाज कापला तर कापू द्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याचं नाव घ्या. दाराबाहेर डबा ठेवून निघून जाणाऱ्या त्या बाईचंही.