गाड्या नसलेला ग्रॅव्हल रस्ता: चाळकेवाडीचा सडा आणि टायरमधली हवा

नमस्कार मंडळी! कासच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच धोशा लावलाय. "दादा, तिथं गाड्यांच्या रांगा असतात, मोकळा रस्ता सांगा की." पटलं. फुलांच्या दिवसांत रविवारी कासला सायकल नेणं म्हणजे हॉर्न ऐकायला जाणं. म्हणून आज कासला टाटा, आपण निघालोय चाळकेवाडीला.

आधी पटकन उरकतो. ग्रॅव्हल बाईक म्हणजे कच्च्या रस्त्याची सायकल: रोड बाईकसारखं वाकडं हँडल, जाड टायर, बहुतेक वेळा डिस्क ब्रेक. झालं. एमटीबी, म्हणजे डोंगरातली सायकल, असेल तर उत्तम. हायब्रिडमध्ये ३८-४० मिलिमीटरचा टायर बसत असेल तर तीही चालेल. हेल्मेट, पंक्चर किट, पंप हे मी सांगायचं नसतं. पाणी मात्र तीन लिटर घ्या, कारण वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या खडकाळ सपाट माथ्यावर, ना झाड ना टपरी.

रस्ता असा. साताऱ्यातून समर्थ मंदिर, बोगदा, सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि मग चाळकेवाडी. इथवर डांबर आहे. पावसाळ्यात ठोसेघरपर्यंत धबधबेवाले असतात, त्यामुळे उजाडायच्या आत निघा. चाळकेवाडीनंतर पठार दक्षिणेला पाटणच्या अंगानं पसरत जातं आणि सगळीकडे पवनचक्क्या. खरी मजा तिथं सुरू होते.

आता हा रस्ता रिकामा का? मी नकाशावर कच्चा रस्ता पाहिला की आधी एकच गोष्ट शोधतो, हा काढला कुणी आणि कशासाठी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथं पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या. त्यांची पाती, मनोऱ्याचे तुकडे आणि ते उचलणाऱ्या क्रेन वर न्यायच्या होत्या. लांबलचक ट्रेलर वळायचा म्हणजे वळण ऐसपैस लागतं आणि भरलेल्या ट्रेलरला खडा चढ झेपत नाही. म्हणून रस्ता रुंद, चढ बेताचा, वर मुरूम दाबलेला. चक्क्या उभ्या राहिल्या, ट्रेलर गेले, आता दिवसाकाठी दुरुस्तीची एखादी जीप. शिवाय या वाटा चक्कीपाशी जाऊन संपतात. पुढं कुठं जायचंच नसेल तर गाड्या कशाला येतील?

हेच डोकं दुसरीकडेही चालवा. वाईजवळ धोमच्या कालव्याकडेचा रस्ता घ्या. पाणी आपोआप वाहायला हवं म्हणून कालव्याला किलोमीटरमागे हातभरही उतार नसतो, म्हणजे डोंगराच्या कुशीत असूनही सपाट सायकलिंग. पण तिथं कधी जाताय ते बघा. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि बाजू द्यायला जागा नाही. रिकामा रस्ता हा बारा महिने रिकामा नसतो.

"जीपीएक्स द्या", म्हणजे नकाशावरच्या रस्त्याची तयार फाइल द्या, म्हणणाऱ्यांसाठी एकदाच बोलतो, मग सोडून देतो. नाही देणार. चक्कीकडे जाणारे बरेच फाटे खासगी जागेत आहेत, कुठं साखळी, कुठं गेट. आज उघडं, उद्या बंद. मी रेघ देणार, तुम्ही डोळे मिटून तिच्यावर चालणार आणि वॉचमनशी हुज्जत घालणार. दुसरं, पठाराच्या पश्चिमेला कोयनेच्या बाजूनं अभयारण्याची हद्द लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं वनखात्याची परवानगी नसेल तर चाक घालायचं नाही, भले नकाशावर कितीही सुंदर वाट दिसो.

वॉचमनवरून आठवलं. एकदा एका चक्कीखाली सावलीला थांबलो होतो. वॉचमनकाका आले, सायकलला एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिला मोटार न्हाय व्हय? मग एवढ्या वर कशापायी आणली?" उत्तर नव्हतंच माझ्याकडे. चहा मात्र मिळाला.

बरं, आता मुख्य मुद्दा. हवा! टायरमधली हवा! माझ्यासोबत वर आलेले बरेच जण टायर दगडासारखा कडक करून येतात. विचारलं तर म्हणतात, "टायरवरच लिहिलंय ना, ७०." अरे बाबांनो, ती कमाल मर्यादा आहे! त्याच्या वर जाऊ नका एवढंच ती सांगते. गाडीच्या स्पीडोमीटरवर १८० असतं म्हणून आपण पसरणी घाट १८० नं चढतो का?

सड्यावर काय होतं ते बघा. खाली जांभा, वर सुटा मुरूम. कडक टायर त्या बारक्या खड्यांवर घरंगळतो. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, खडे मागं उडतात आणि माणूस म्हणतो माझ्या पायात दम नाही. पाय ठीक आहेत तुझे, हवा काढ!

पटत नसेल तर हातांकडे बघा. दोन तासांनी बोटं बधिर होतात ना? मग हँडल बदल, जेलचे ग्लोव्ह्ज घे, सीट बदल, सगळा खर्च होतो. टायर दबत नाही म्हणून प्रत्येक दगड थेट मनगटात येतोय. आणि सायकलसकट तुमचं अंग वर उसळतं तेव्हा ताकद तुमचीच जाते. म्हणजे खडबडीत रस्त्यावर कडक टायर वेगवान वाटतो, पण असतो उलट.

मग लगेच कॉमेंट येणार, "कमी हवेत पंक्चर होतं." फारच कमी केली तर होतं, खोटं नाही. दगडाची धार आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून आकडा सांगतो. वजन ७० किलो, टायर ४० मिलिमीटर, आत ट्यूब असेल तर पुढं ३५, मागं ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ट्यूबलेस असेल तर पुढं २८ ते ३०, मागं ३२ ते ३४. तिथून पुढं कान वापरा. दगडावरून जाताना रिमचा 'टक्' असा आवाज आला की दोन-तीन पीएसआय वाढवा. आवाज अजिबातच नाही आणि हात दुखतायत, तर तेवढीच काढा. रिम हुकलेस असेल, म्हणजे टायर अडकवायला आतल्या कडेला आकडा नसेल, तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर कधीच नाही.

पंक्चरवाल्या काकांकडे कॉम्प्रेसरनं भरून घेणार असाल तर मापाचा काटा स्वतःचा न्या. ते अंगठ्यानं दाबून "झालं मालक" म्हणतात, आणि त्यांच्या अंगठ्याला दिवसभर ट्रकच्या टायरची सवय असते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असू द्या, त्यांच्याकडे तो नसतो.

आणखी एक, "बिबट्या येत नाही का?" बिबट्यापेक्षा मी संध्याकाळच्या गव्याला घाबरतो. अंधाराच्या आत खाली उतरा. धनगरवाड्यावरची कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल. उतरा, सायकल मध्ये धरा, मालकाला हाक मारा.

आणि वाट सोडून सड्यावर चाक घालू नका. फोटोसाठी तर नाहीच. जांभ्यावर माती बोटभर, त्यातच सीतेची आसवं ही बारकी फुलं उगवतात. पावसात एक चाकोरी पडली की पुढच्या वर्षी तिथं नुसतं डबकं.

हवेबद्दल विचारायचं असेल तर वजन, टायरची रुंदी, ट्यूब की ट्यूबलेस, या तीन गोष्टी लिहा. नुसतं "दादा हवा किती" लिहिलंत तर उत्तर येणार नाही. चला, भेटू!