सतरा नंबरची कॉट

(दृश्य: इस्पितळाचा लांब कॉरिडॉर. भिंतीला लागून स्ट्रेचर. पंख्याचा आवाज.)

मावशीला कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. धाप लागलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि जुने केसपेपर. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, ॲडमिट करायचं ठरलं. हे सगळं तासाभरात झालं, तक्रारीला जागा नाही. मग कुणीतरी म्हणालं, "वर कॉट नाही, थांबा." आम्ही थांबलो, संध्याकाळी सात वाजेपर्यंत. इस्पितळ गोव्यातलंच. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी कॉरिडॉर तोच असतो.

शेवटी सतरा नंबरची कॉट मिळाली. शेजारच्या अठरा नंबरवर पेडण्याकडचे एक आजोबा होते. सहज बोलून गेले, "ही तर सकाळीच मोकळी झालेली. राऊंडला डॉक्टर म्हणाले, घरी जा. पण मुलगा कामावरून सुटल्याशिवाय नेणार कोण? चारपर्यंत कपडे घालून बसून होता बिचारा."

म्हणजे मावशी खाली स्ट्रेचरवर होती, तेव्हा वर एक बरा झालेला माणूस चपला घालून तिच्या कॉटवर बसला होता. दोघांमध्ये फक्त दोन जिने होते.

(दृश्य: वॉर्डमधलं टेबल. रजिस्टर. पट्टीच्या कापडाने टेबलाच्या पायाला बांधलेलं पेन.)

दुसऱ्या दिवशी मी त्या कॉटचा दिवस मांडून पाहिला. साडेनऊला राऊंड. डिस्चार्ज कार्ड लिहायचं ज्याच्याकडे, तो इंटर्न दोन वाजेपर्यंत दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेला. मग औषधं, मग विम्याचे कागद. चारला मुलगा आला. अटेंडंटने पाऊण तासाने गादीचं रेक्झिन पुसून घेतलं. साडेपाचला धुतलेल्या चादरी आल्या. आणि कॉट तयार आहे हे खालच्या मजल्यावर कळलं, ते सिस्टरांची ड्युटी बदलल्यावर. यात कुणी आळशी नव्हतं. प्रत्येकजण आपलं काम करत होता, पण पुढचा माणूस आपल्यासाठी खोळंबलाय हे कुणालाच दिसत नव्हतं.

हे दाखवण्याचा आता जगभर मोठा धंदा झालाय. त्याला म्हणतात कमांड सेंटर.

(दृश्य: मोपा विमानतळाचा टॉवर, दुरून.)

२०२३ च्या जानेवारीत मोपावरून विमानं उडायला लागली, तेव्हापासून पेडण्याच्या लोकांना टॉवर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका उंच खोलीत बसलेल्यांना सगळी धावपट्टी दिसते, आणि कुठलं विमान आधी, कुठलं मागून, हे तेच ठरवतात. इस्पितळाला असा टॉवर कधी नव्हता. प्रत्येक वॉर्ड म्हणजे एक वाडा, आपल्या खाटा आपल्याला माहीत.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाने २०१६ मध्ये जीई हेल्थकेअर या कंपनीच्या मदतीने असा टॉवर उभा केला. एक खोली, भिंतीवर २२ पडदे (म्हणजे संगणकाचे स्क्रीन), इस्पितळाच्या १४ वेगवेगळ्या संगणकप्रणालींतून येणारी माहिती, मिनिटाला सुमारे ५०० संदेश. कॅज्युअल्टीतल्या पेशंटला खाट ३० टक्के लवकर मिळू लागली, असं इस्पितळाने नंतर सांगितलं. सांगणारे तेच, हे लक्षात ठेवून ऐका.

पडद्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. माझ्या मते खरी गोष्ट फोटोत दिसत नव्हती. खाटा वाटणारे, दुसऱ्या इस्पितळांतून पेशंट घेणारे, अ‍ॅम्ब्युलन्स पाठवणारे, हे सगळे पूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी बसायचे आणि एकमेकांना फोन लावायचे. त्यांना एका खोलीत आणलं. खुर्ची फिरवली की बोलणं झालं. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी पडदे कशाला? तोच प्रश्न मलाही पडला.

पुढच्याच वर्षी टोरांटोचं हंबर रिव्हर इस्पितळ त्या वाटेने गेलं, २०१९ मध्ये इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. आज जीईसोबत टेलिट्रॅकिंग, एपिक, पॅलेंटिर, क्वेंटस अशा कंपन्या या बाजारात आहेत. विकायचं काय? तर इस्पितळाचा संगणक, लॅब, फार्मसी, अ‍ॅम्ब्युलन्स यांच्याकडची माहिती एका जागी आणायची आणि संध्याकाळी किती खाटा लागतील याचा अंदाज सकाळीच द्यायचा. नवीन इमारत बांधायला वर्षं जातात, नर्स मिळत नाहीत, आहेत त्या खाटा जास्त फिरवता आल्या तर व्यवस्थापनाला हवंच आहे. कोविडने ही भूक वाढवली. आणि एकाच मालकाची दहा इस्पितळं असली, तर एका खोलीतून दहांवर नजर ठेवायचा मोह कुणाला नाही?

(दृश्य: वॉर्डातल्या खाटांची रांग. सगळ्या भरलेल्या.)

त्यामागे गणितही आहे. १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. सरासरी ८५ टक्क्यांपेक्षा जास्त खाटा भरलेल्या राहू लागल्या की धोका जाणवू लागतो, आणि ९० च्या वर खाट न मिळण्याची वेळ वारंवार येते, असं त्यात दाखवलं होतं. कारण पेशंट सरासरीने येत नाहीत. मंगळवारी चार, बुधवारी अकरा. पूर्ण भरलेलं इस्पितळ कागदावर कार्यक्षम दिसतं, दारात मात्र रांग लागते. अशा वेळी एकेक तास मोलाचा.

पण पडदा लावला म्हणजे तास वाचतोच असं नाही. ब्रॅडफर्डच्या केंद्राचा संशोधकांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा पेशंटांच्या ये-जा करण्यात फरक किरकोळच आढळला. मला यात नवल वाटलं नाही. खाट रिकामी झाल्याचं कुणीतरी संगणकात टाकेपर्यंत पडद्यावर ती भरलेलीच असते. सिस्टरच्या हातात सलाईन असेल तर ती आधी सलाईन लावणार, बटण मग दाबणार. लावायलाच हवं.

(दृश्य: महामार्गावरून जाणारी १०८. लांबून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.)

आता आपल्याकडे. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, बारा तालुके. म्हापशाला जिल्हा इस्पितळ, मडगावला जिल्हा इस्पितळ, आणि अवघड केस झाली की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "बांबोळीला न्या." वाळपईचा पेशंट तिथेच, काणकोणचाही तिथेच. आणि राज्याची हद्द आजाराला माहीत नसते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची माणसंही तिथेच येतात. १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपासूनचा वारसा सांगणाऱ्या या संस्थेवर दोन राज्यांचा भार आहे. (आपण 'इस्पितळ' म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला.) टॉवर कुठे हवा, हे नकाशाच सांगतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेतला मे २०२१ कुणी विसरलेलं नाही. गोमेकॉत पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान होणारे मृत्यू, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे रोज चाललेली सुनावणी. तेव्हा ऑक्सिजनचे सिलिंडर ट्रॉल्यांवर लादून, ट्रॅक्टरने ओढून आणून जोडावे लागत, आणि बदलताना दाब उतरे. राज्यात साठा आहे, तो वेळेवर वॉर्डापर्यंत पोचण्यात अडचण आहे, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. हे वाक्य ऐकलं की मला सतरा नंबरची कॉट आठवते. ती एका पेशंटची अडचण होती, ही शेकडोंची, पण जात तीच: वस्तू आहे, गरजही आहे, आणि मधली वाट कुणाच्या नजरेत नाही.

म्हणून आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. हृदयविकाराच्या झटक्यासाठी गोव्यात स्टेमी प्रकल्प सुरू झाला. गावाच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो ऑनलाइन तज्ज्ञांकडे जायचा, काही मिनिटांत उत्तर यायचं, आणि गरज असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पेशंट बांबोळीला. तिथे ना भिंतभर पडदे, ना फिरत्या खुर्च्या. प्रश्न एकच, उत्तर एकच, आणि उत्तर देणाऱ्याच्या शब्दावर पलीकडचा डॉक्टर लगेच सुई हातात घेतो. मला विचाराल तर कमांड सेंटर म्हणतात ते हेच.

खाटांचं काम याहून किचकट. तिथे बांबोळीच्या एका खोलीतल्या माणसाने म्हापशाच्या वॉर्डाला "ही खाट द्या" म्हटलं, तर द्यावी लागेल का? वॉर्डाचे मोठे डॉक्टर ऐकतील का? हे आधी लिहून ठरवावं लागेल, पडदे नंतर घ्यावेत. कंपन्या उलट क्रमाने विकतात, कारण पडदा दाखवता येतो, अधिकार दाखवता येत नाही.

आणि माहितीचं काय? इंग्लंडने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आरोग्यसेवेची माहिती एकत्र आणण्याचं कंत्राट पॅलेंटिरच्या गटाला दिलं, सात वर्षांसाठी ३३ कोटी पौंडांपर्यंतचं. तिथे त्यावरून बराच गदारोळ झाला, डॉक्टरांच्या संघटनेनेही आक्षेप घेतले. आपल्याकडे आभा या आरोग्य ओळखपत्राचा चौदा आकडी नंबर आलाय, २०२३ मध्येच डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण मावशीचे फुप्फुसांचे रिपोर्ट कुठल्या सर्व्हरवर बसतात, हे विचारायची आपल्याला अजून सवय नाही.

(दृश्य: रात्र. वॉर्डमधले दिवे मंद. टेबलावरचा एकच दिवा.)

मावशीची ती तिसरी रात्र. अडीच वाजता टेबलावरचा फोन वाजला. कॅज्युअल्टीतून असणार. नाइट ड्युटीच्या सिस्टरने संगणकाकडे पाहिलंच नाही. मान वळवून वॉर्डावर एक नजर टाकली आणि म्हणाली, "बावीस जातोय, घरच्यांची गाडी खाली आलीय. अर्ध्या तासाने पाठवा."

फोन ठेवून ती सलाईन बदलायला उठली. पडद्यावर बावीस नंबर भरलेलाच होता.