पॅन विचारायचा कोणी?

समोर आहे ते एका ट्रस्टचं पावती पुस्तक. नाव, पत्ता, रक्कम, सही, सगळं भरलेलं. पॅनची जागा मात्र कोरी. पुढच्या पावतीवरही कोरी. आणि त्याच्या पुढचीवर तर नावसुद्धा नाही, नुसतं 'एक हितचिंतक, रु. ५०००'.

आपल्याकडे गुप्तदानाचं भारी कौतुक, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये वगैरे, आणि देणाऱ्याच्या भावनेबद्दल काही म्हणायचंच नाहीये, पण इन्कम टॅक्सचा हिशोब वेगळा चालतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टच्या दानपेटीला सूट आहे. शाळा, दवाखाना, वाचनालय चालवणाऱ्यांना निनावी देणग्या एका मर्यादेपर्यंतच चालतात, १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त ते. त्यावर गेलं की सरळ ३० टक्के टॅक्स.

ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला टॅक्समध्ये वजावट मिळवून देणारी मान्यता, असेल तर अजून एक काम. २०२१-२२ च्या देणग्यांपासून फॉर्म १०बीडी आला. कोणी किती दिले, त्याचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, सगळं ३१ मेपर्यंत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यातूनच देणगीदाराचं १०बीई सर्टिफिकेट निघतं, ते नसेल तर त्याची वजावट अडते. मग मे महिन्यात खजिनदार फोन करत बसतो, "काका, तुमचा पॅन व्हॉट्सअ‍ॅप करता का?" आणि काकांना वाटतं हा फ्रॉडवालाच आहे. काकांचं तरी काय चुकलं!

अध्यक्षांना विचारा, उत्तर ठरलेलं: "ते आमचे सीए बघतात." अहो, सीए बघणार काय, तुम्ही पिशवीत भरून नेलेली व्हाउचरं? पैसे कोणी दिले हे त्याला कुठून माहीत असणार. हिशोब द्यायची जबाबदारी विश्वस्तांचीच आहे.

धर्मादाय आयुक्तांकडे तीच तऱ्हा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, तो राहतो, आणि शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या तिथल्या अधिकृत नोंदीत, वारलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच. बँकेत सह्या बदलायला गेलं की मग धावपळ. ऑडिट झालेलं असतं, पण कार्यकारिणीत ते वाचलं जात नाही, चहा येतो आणि "मंजूर, मंजूर" होऊन जातं.

खरं तर उपाय साधा आहे, पॅन घेतल्याशिवाय ८०जीची पावती फाडायची नाही, २००० च्या वर कॅश दिली तर वजावट मिळणार नाही हे देणाऱ्याला तिथेच सांगायचं. पण हा नियम एकट्या खजिनदाराच्या जिवावर चालत नाही, कारण गावातलं बडं प्रस्थ पाकीट पुढे करून "नाव नको हं" म्हणतं तेव्हा, "साहेब, पॅन लागेल" हे अध्यक्षांनाच म्हणावं लागतं.