नाव काय, गाव कुठलं?

(पडद्यावर पांढरा कागद. काळ्या शाईचे जाड फटकारे एकेक करून उमटतात.)

वर आलेलं गळ्याचं हाड. मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. खपाटीला गेलेलं पोट. आणि चित्राखाली मजकूर.

थांबा. तो मजकूर आपण पुन्हा बघणार आहोत.

नोव्हेंबर १९४३. दुष्काळानं पोळलेल्या बंगालचा मेदिनीपूर जिल्हा. अठ्ठावीस वर्षांचे चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य गावोगाव पायी हिंडतायत. कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रासाठी चित्रं तेच काढतात, बातमीही तेच लिहितात.

वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, या किनाऱ्याला चक्रीवादळानं झोडपून काढलं होतं. महायुद्धात जपानी सैन्य चालून येईल या धास्तीनं सरकारनं त्याआधीच होड्या काढून घेतल्या होत्या, तांदूळ हलवला होता. नदीनाल्यांच्या मुलखात होडी गेली म्हणजे बाजार गेला, मासळी गेली. पुढे सरकारच्याच चौकशी आयोगानं या दुष्काळातल्या मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

आकडा मोठा झाला की माणूस दिसेनासा होतो. चित्तप्रसाद नेमकं उलट करत होते. समोर बसायचं, बोलतं करायचं, रेखाटायचं. कित्येक चित्रांखाली त्यांनी नाव, गाव, त्या माणसाची हकिगत लिहून ठेवली. पंचनाम्यात लिहितात तशी.

तपासाला चित्रकार कशाला, कॅमेरा होता की! होता. सुनील जाना याच दुष्काळात फोटो काढत होते, आणि ते फोटोही अंगावर येतात. पण चित्र काढायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या उपाशी माणसासमोर बसावं लागतं, आणि बसलं की विचारावंच लागतं: घरात कोण कोण होतं?

या दौऱ्याची पुस्तिका निघाली, ‘हंग्री बेंगॉल’. ब्रिटिश सरकारनं तिच्या ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. नुसती चित्रं म्हणून कुणी एवढा जाळ करत नाही. पुरावा म्हणून तिची पहिली नोंद सरकारनंच घेतली म्हणायची.

चित्तप्रसाद पुढे मुंबईत आले, अंधेरीत वर्षानुवर्षं राहिले, छापचित्रांसाठी लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरत राहिले. १९७८ मध्ये ते गेले.

एक प्रत मात्र वाचली होती. कुटुंबीयांनी ती बँकेच्या लॉकरमध्ये जपली. २०११ मध्ये तिच्यावरून पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली गेली.

(पानं उलटतात. कॅमेरा चित्रावरून खाली, मजकुरावर येतो. निवेदन थांबतं.)