सत्राचे पंधरा आठवडे आणि ग्रंथालयातली खुर्ची

(ग्रंथपाल दिनी पुण्यात पदव्युत्तर वर्गांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

विद्यार्थी मित्रहो, आज १२ ऑगस्ट. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची जयंती आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो, आणि या दिवशी एखाद्या निवृत्त ग्रंथपालाला शाल देऊन दोन शब्द बोलायला उभे करण्याची रीत आहे. शाल मिळाली आहे, तेव्हा आता कौतुकाचे सोडून कामाचे बोलतो. तुमचे पहिले सत्र सुरू होऊन काही आठवडेच झाले आहेत, ओळखपत्रे नुकतीच हातात पडली आहेत, आणि माझा अंदाज असा की तुमच्यापैकी बहुतेकांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा एकच भाग पाहिला आहे, तो म्हणजे वाचनकक्ष.

वाचनकक्षाची गोष्ट मी आयुष्यभर पाहत आलो. सकाळी दार उघडण्याआधी पायऱ्यांवर रांग लागते, आणि दार उघडल्यावर दहा मिनिटांत खुर्च्यांवर रुमाल, पाण्याच्या बाटल्या आणि बंद वह्या बसतात. माणसे मात्र चहाला गेलेली असतात. जे बसलेले असतात त्यांच्यापुढे बहुधा स्वतःची पुस्तके असतात, त्यांतही स्पर्धा परीक्षांची जास्त. याबद्दल नाक मुरडणारे सहकारी मला भेटले आणि स्वतःचे पुस्तक आत आणायला बंदी घालणारी ग्रंथालयेही मी पाहिली. मला ते कधीच पटले नाही. गावाकडून आलेल्या, एका खोलीत तिघा-चौघांबरोबर राहणाऱ्या मुलाला शांत जागा, डोक्यावर पंखा आणि पुरेसा उजेड देणे हे ग्रंथालयाचे कामच आहे. माझी तक्रार निराळी आहे. ज्या इमारतीत तळमजल्यावर खुर्चीसाठी वाद होतात, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पुस्तकांच्या मांडण्यांमधून दुपारभर कोणी फिरकत नाही. शेवटच्या चार आठवड्यांत मात्र सगळे एकदम वर येतात, आणि तोवर हवी ती पुस्तके दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असतात.

सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे असते. देवघेव खिडकीवर बसणाऱ्याला या पंधरा आठवड्यांची नाडी नेमकी कळते. एखाद्या नेमलेल्या पुस्तकाच्या पाच प्रती असतील, तर तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या चार फळीवर दिसतात आणि अंतर्गत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकही दिसत नाही. म्हणून तुम्हाला सांगण्यासारखी माझ्याजवळ खरे तर एकच गोष्ट आहे: ग्रंथालयाचा पुस्तकांसाठी आणि माणसांसाठी जो उपयोग करायचा तो पहिल्या पाच-सहा आठवड्यांत करा, खुर्चीसाठी करायचा तो शेवटी करा. बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात.

हे कसे करायचे ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, तुम्ही अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे किंवा इतिहासाचे विद्यार्थी आहात आणि दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पासाठी महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ हा विषय तुमच्या मनात घोळतो आहे. तुम्ही ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, 'दुष्काळ' असे टंकता आणि पाच-सहा नोंदी येतात. तुम्ही म्हणता, ग्रंथालयात काही नाही. इथे पहिली अडचण लिपीची असते. मराठी ग्रंथांच्या नोंदी काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमन लिपीत आणि जुन्या ग्रंथालयांत दोन्हींत झालेल्या असतात, कारण पत्त्यांच्या खणांतली सूची संगणकात उतरवताना ज्याला जसे सुचले तसे त्याने लिहिले. रोमन लिपीतल्या 'दुष्काळ'मधल्या 'का'साठी कोणी एक 'ए' वापरतो, कोणी दोन. लेखकांच्या आडनावांचेही तेच होते. कोहा असो की सोल, ग्रंथालयाची संगणकीय आज्ञावली कोणतीही असली तरी ती दिलेली अक्षरेच शोधते, तुमच्या मनातला विषय शोधत नाही. (जाता जाता सांगतो, कोहा ही न्यूझीलंडमध्ये तयार झालेली मुक्त आज्ञावली आहे आणि तो शब्द तिथल्या माओरी भाषेतला आहे, त्याचा अर्थ भेट.)

दुसरी अडचण याहून खोल आहे आणि ती मला फार आवडते. इंग्रजी ग्रंथांत तुम्ही 'फॅमिन' हा शब्द शोधला, तर एकोणिसाव्या शतकावरचे पुष्कळ साहित्य मिळेल, पण १९७२ बद्दलचे सरकारी साहित्य त्या शब्दाखाली फारसे सापडणार नाही. याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ साली राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकणारा कायदा केला आणि त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द आला. त्यामुळे १९७३ सालचा सुखटणकर समितीचा अहवाल टंचाईग्रस्त क्षेत्रांच्या पाहणीचा अहवाल म्हणून नोंदलेला असतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी तो अहवाल फळीवर असूनही नसल्यासारखाच असतो. गावांच्या नावांचेही असेच आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतला १८८४ सालचा विसावा खंड हवा असेल, तर 'सोलापूर' शोधून भागणार नाही, 'शोलापूर' शोधावे लागेल. आणि आजच्या अहिल्यानगरचा शोध अहमदनगरच्या जुन्या रोमन वर्णलेखनावरून घ्यावा लागेल.

ही माहिती कुठल्याही पडद्यावर लिहिलेली नसते. ती संदर्भ विभागात बसलेल्या माणसाकडे असते, आणि त्या माणसाला विचारायला आपले विद्यार्थी लाजतात, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. प्रश्न विचारणे म्हणजे अडाणीपणा उघड करणे, असा काहीसा समज त्यामागे असावा. वास्तविक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे आहे, आणि ते वाचकासाठी नसून ग्रंथालयातल्या माणसांसाठी आहे. तुमचा वेळ वाचवणे ही त्यांची नोकरी आहे. खुद्द रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद स्वीकारल्यावर तिथला एकांत त्यांना इतका असह्य झाला की ते परत शिकवायला जाऊ द्या म्हणून सांगायला गेले होते. आपल्याकडेही संदर्भ विभागातला माणूस पुष्कळदा अशाच एकांतात बसलेला असतो. त्याला प्रश्न हवा असतो. फक्त प्रश्न विचारताना 'दुष्काळावर काही आहे का' असे न विचारता, 'बहात्तरच्या दुष्काळातल्या रोजगाराच्या कामांवर, शक्यतो त्या काळातच लिहिलेले काही हवे आहे' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला तो बोट दाखवील, दुसऱ्याला तो खुर्चीवरून उठेल.

आता वर मांडण्यांकडे चला. आपल्याकडच्या बहुसंख्य विद्यापीठीय ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात. मेल्व्हिल ड्यूई यांनी ते १८७६ साली प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर जो आकडा असतो तो वर्गांक, त्याखाली लेखकाच्या नावावरून दिलेली खूण, आणि दोन्ही मिळून बोधांक. दाखलांक वेगळा, तो त्या एकाच प्रतीचा असतो आणि देवघेवीसाठी लागतो, शोधण्यासाठी त्याचा उपयोग नाही. पुष्कळ विद्यार्थी ओपॅकवरून दाखलांक लिहून घेतात आणि वर जाऊन तासभर हिंडतात. मीही विद्यार्थिदशेत पत्त्यांच्या खणांपाशी उभा राहून हेच केले होते.

पण बोधांक लिहून घेतला तरी तिथवरच थांबू नका. वर्गीकरणात एक विषय एका जागी नसतो, तो दृष्टिकोनाप्रमाणे पांगतो. आपला दुष्काळच बघा. अन्नपुरवठा आणि उपासमार म्हणून तो ३६३.८ मध्ये आहे, शेतीचे अर्थकारण म्हणून ३३८.१ मध्ये, पाण्याचा साठा म्हणून ३३३.९१ मध्ये, पाऊसमान म्हणून ५५१.५७७ मध्ये, महाराष्ट्राचा इतिहास म्हणून ९५४.७९२ मध्ये, आणि कादंबरीकाराने तो लिहिला असेल तर ८९१.४६३ मध्ये, म्हणजे मराठी कथात्म साहित्यात. या सहा ठिकाणी प्रत्येकी पंधरा मिनिटे उभे राहा, हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची चार-चार पुस्तके काढून त्यांची अनुक्रमणिका आणि शेवटची संदर्भसूची चाळा. दीड तासात तुमच्या विषयाचा जो नकाशा तयार होईल, तो आठवडाभर पडद्यावर शोधून होणार नाही. हा दीड तास चौथ्या आठवड्यात काढता येतो, तेराव्या आठवड्यात नाही. एवढी विनंती मात्र करीन की काढलेली पुस्तके आपण होऊन फळीवर परत ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक चोरीला गेलेल्या पुस्तकाइतकेच हरवलेले असते. चोरीची निदान नोंद तरी होते.

नियतकालिकांच्या बांधीव खंडांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तुमच्या पिढीने ते उघडलेलेच नसतात. दुष्काळावर पुढे लिहिलेली पुस्तके शहाणपण आल्यानंतरची आहेत. त्या वेळी लोकांना काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते ते त्या वर्षांच्या अंकांत सापडते. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, पण त्यामागचा वाद १९७२-७३ च्या साप्ताहिकांतून आणि मासिकांतून आधीच चालू होता. त्या काळचा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा एक खंड मांडीवर घेऊन पाने उलटा. शेजारच्या लेखांवरून, अगदी जाहिरातींवरूनही त्या वर्षाची हवा समजते.

इलेक्ट्रॉनिक साधनांचे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते, म्हणून थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना सुरू झाली आहे. केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे ६,३०० शिक्षण व संशोधन संस्थांना तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तिच्यातून मिळतात. ज्या लेखापुढे पैसे मागणारी चौकट येते तो लेख सोडून देण्याआधी विद्यापीठाच्या जाळ्यावरून उघडून बघा, आणि घरून वाचायचे असेल तर त्यासाठीचे खाते ग्रंथालयातून याच महिन्यात सुरू करून घ्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' तुम्हाला माहीत असेल. देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे कोणालाही वाचता येतात. त्यांतला प्रत्येक प्रबंध चांगला असतो असे मी म्हणणार नाही. पण सामान्य प्रबंधाचीही संदर्भसूची उपयोगी असते, कारण ती जमवताना कोणीतरी तीन-चार वर्षे पायपीट केलेली असते. फक्त तिथून उचललेले वाक्य स्वतःचे म्हणून लिहू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांच्या वर गेले की दंडाच्या पायऱ्या सुरू होतात, आणि ते तपासण्याचे काम बहुधा ग्रंथालयाकडेच असते.

आपल्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक हा शोधाचा शेवट समजू नये. पुण्यात तर मुळीच समजू नये. आर्थिक विषयांसाठी गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या ग्रंथसंग्रहातून ते वाढले. इतिहासासाठी १९१० सालचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, प्राच्यविद्येसाठी १९१७ सालची भांडारकर संस्था आहे. अशा ठिकाणी जाताना आपल्या ग्रंथपालाचे परिचयपत्र घेऊन जावे. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात, म्हणून आधी दूरध्वनीवर विचारावे. आंतरग्रंथालयीन देवघेवीतून पुस्तक मागवताही येते, पण त्याला दिवस लागतात. सत्राच्या शेवटी ज्याच्याकडे दिवस उरत नाहीत, त्याला ही सोय असून नसल्यासारखी आहे.

राहता राहिली खुर्ची. परीक्षेच्या महिन्यात सकाळी आणि संध्याकाळी वाचनकक्ष भरतो, दुपारी जेवणानंतर दोन तास तुलनेने मोकळा असतो. ज्यांना झोप आवरते त्यांनी ती वेळ साधावी. चर्चा करायची असेल तर गटचर्चेची खोली मागून घ्यावी. कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून ती इतरांना ऐकू येत नाही असे नसते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उठणार असाल तर रुमाल सोबत न्या. घरी नेलेले पुस्तक मुदतीआधी परत आणले तर दंड वाचतो ही गोष्ट लहान आहे, पण त्या पुस्तकावर दुसऱ्याने मागणी नोंदवलेली असते आणि तो कदाचित तुमच्याच वर्गात शेजारी बसत असतो. निकालाच्या वेळी 'नो ड्यूज'च्या शिक्क्यासाठी धावत येणाऱ्यांपैकी निम्म्यांची पुस्तके पलंगाखाली सापडतात, तेव्हा आत्ताच एकदा वाकून बघा.

प्रश्नोत्तरे झाली की आपण दहा-दहा जणांच्या गटाने वर मांडण्यांकडे जाणार आहोत. पिशव्या बाहेरच्या कप्प्यांत ठेवा, एक कोरा कागद आणि पेन्सिल सोबत घ्या, आणि कागदावर आपला विषय नुसता न लिहिता त्यातला एक प्रश्न लिहून आणा. संदर्भ विभागातल्या बाईंना मी सांगून ठेवले आहे.