एक शिवी, चार पत्ते

(एका ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, विषय शिव्यांचा आहे म्हटल्यावर आज गर्दी बरी दिसते. पण ज्यांना खमंग काही ऐकायला मिळेल अशी आशा आहे, त्यांची निराशा होणार. मी आज प्रामुख्याने एकच शब्द घेऊन आलो आहे, आणि तो तुमच्यापैकी अनेकांना शिवी वाटणारही नाही. तो शब्द म्हणजे ‘घाटी’.

छत्रपती संभाजीनगरमध्ये रिक्षात बसून ‘घाटीत सोडा’ म्हणा. रिक्षावाला तुम्हाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापाशी उतरवेल. ‘घाटीत ॲडमिट केलंय’ हे वाक्य तिथे काळजीने उच्चारलं जातं. मुंबईत किराणा दुकानात ‘घाटी मसाला’ मिळतो, तो झणझणीत असल्याची ती हमीच. व्यायामशाळेतल्या जुन्या लोकांना घाटी लेझीम माहीत असते. आणि याच मुंबईत कॉलेजच्या कट्ट्यावर एक मुलगी दुसरीला म्हणते, ‘शी, किती घाटी दिसतोय हा ड्रेस!’

घाटी म्हणजे घाटावरचा, सह्याद्री चढून गेलं की लागणाऱ्या मुलखातला. हा शब्द मुळात कोकणी माणसाच्या तोंडचा, आणि त्यात भूगोल जास्त, टिंगल कमी. गिरणगावात रत्नागिरीचे लोक मोठ्या संख्येने आले. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सातारा, कोल्हापूर, पुण्याकडूनही माणसं आली. एकाच चाळीत वरच्या मजल्यावर कोकणी, खालच्या मजल्यावर घाटी. हा त्याला ‘घाटी’ म्हणायचा, तो याला ‘कोकण्या’ म्हणायचा. एक भातावर जगतो म्हणून हसायचं, दुसरा भाकरीशिवाय उठत नाही म्हणून हसायचं. भोंगा वाजला की दोघेही त्याच फाटकातून आत. पगार दोघांचाही सारखाच तुटपुंजा. अशा ठिकाणी शिवी फेकली तर तितक्याच जोराने परत येते आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

गोष्ट बदलली ती शब्द चाळीतून बंगल्यात गेला तेव्हा. मुंबईच्या सुखवस्तू, बहुतेक अमराठी घरांत ‘घाटी’ म्हणजे घरगडी, हमाल, भांडी घासणारी बाई. तो कुठल्या घाटावरून आला याच्याशी मालकाला देणंघेणं नव्हतं. पुढे मराठी बोलणारा कोणीही घाटी झाला, आणि त्यात गंमत अशी की कोकणी माणूसही त्यात सापडला. मालवण-कणकवलीकडचे कारकून ‘आम्ही घाटी नाही हो, कोकणातले’ अशी दुरुस्ती करायचे. भूगोल अगदी बरोबर! पण समोरच्याने भूगोलाचा प्रश्न विचारलेलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या दुरुस्तीत ‘घाटी असणं वाईटच, फक्त मी तो नव्हे’ ही कबुलीही होती.

गोव्यात तोच शब्द ‘घांटी’ होऊन भेटतो. तिथे घाट उतरून आलेले सगळेच त्यात येतात. त्यात धारवाड-विजापूरकडचा कन्नड मजूर येतो, तसा कोल्हापूरचा व्यापारीही. कोल्हापूरकराला आपण आणि तो कन्नड मजूर एकाच शब्दात बसतो हेच पटत नाही. शब्दापेक्षा सोबतीचा राग जास्त.

आता ती कॉलेजातली मुलगी. तिला विचारलंत तर ती प्रामाणिकपणे सांगेल, ‘मी कोणाच्या गावाबद्दल बोलत नव्हते, ड्रेसबद्दल बोलत होते.’ खरं आहे. तिचं आडनाव बहुधा शिंदे किंवा मोहिते असेल. तिच्यापर्यंत शब्द पोचला तेव्हा त्यातला माणूस गळून गेला होता, फक्त ‘गावंढळ’ हा अर्थ उरला होता. पण तिच्या मागे चहाचा ग्लास धुणारा पाटण तालुक्यातला पोरगा उभा असेल तर त्याच्यासाठी तो माणूस गळालेला नसतो.

‘म्हणणाऱ्याचा हेतू बघा’ असं आपण सहज म्हणतो. हेतू बघावाच. नागपूरचा मित्र ‘काय बे’ म्हणतो तेव्हा त्यात जिव्हाळा असतो आणि पुण्याच्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. तिथे हेतू समजावून सांगितला की काम भागतं. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना हातवारे करत मनसोक्त शिव्या घालतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. वाद्यं वाजत असतात, बघ्यांची झुंबड उडते, आणि दुसऱ्या दिवशी कोणी राग धरत नाही. दोन्ही काठांना शिवी देण्याचा सारखाच हक्क आहे. एका काठाला तोंड आणि दुसऱ्याला फक्त कान दिले असते, तर हा सण किती वर्षं टिकला असता?

जातीवरून दिलेल्या शिवीत नेमकं हेच घडतं. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार लोकांदेखत असा अपमान करणं गुन्हा आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं एक प्रकरण आलं. एका माणसाला घराच्या फाटकापाशी, लोकांना दिसेल अशा जागी, त्याच्या जातीचं नाव घेऊन हिणवल्याची तक्रार होती. अशा वेळी ‘हे तर जातीचं नुसतं नाव आहे’ हा बचाव ठरलेला. न्यायालयाने सांगितलं की शब्दाची व्युत्पत्ती बघायची नाही, आज लोकव्यवहारात तो कशासाठी वापरला जातो ते बघायचं. भाषाशास्त्राच्या वर्गात हे समजावायला मला अर्धा तास लागतो. कोशात निरुपद्रवी असलेला शब्द फाटकापाशी निरुपद्रवी राहत नाही, एवढंच त्याचं सार.

जाता जाता एक अवघड गोष्ट. ‘घाटी’ ऐकून मराठी माणूस पेटून उठतो, ते योग्यच. पण ‘भय्या’? लखनौ-बनारसकडे तो थोरल्या भावाचा शब्द आहे, प्रेमाचा आणि मानाचा. आपण त्यातून दूधवाला केला, टॅक्सीवाला केला, मग उत्तरेकडून आलेला कोणीही केला. अगदी तीच वाट, बंगल्यातल्या मालकाने ‘घाटी’ला लावलेली. फरक इतकाच की या वेळी बंगल्यात आपण आहोत. हे म्हटलं की सभागृहात चुळबुळ होते, तशी आत्ताही झालेली मला इथून दिसते आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आधी हात वर करावा. माइक मागच्या रांगेपासून फिरवू या.